पिकअप घाटात काळा धूर मारते, इंजिन खोलावं का?

गिरणारे_टोमॅटो
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी २०१८ ची बीएस-४ (बीएस-६ च्या आधीचा प्रदूषणाचा निकष) डिझेल पिकअप आहे, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेली. सीझनला नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून टोमॅटो भरून पेठ रोडने वापी-सुरत, आणि परतीच्या भाड्याला वापीहून अंबड एमआयडीसीसाठी प्लॅस्टिक दाण्याची पोती. दीडेक टन माल. गेले तीन आठवडे पेठ सोडून कोटंबीचा चढ लागला की गाडी मागे काळे ढग सोडते. सावळघाटात परवा मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात जोडले. तिसऱ्यात चढणारी गाडी आता दुसऱ्यात घ्यावी लागते. सपाटीवर किंवा रिकामी असताना काही नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर मात्र थोडा निळसर धूर येतो, मिनिटभरात जातो.

गॅरेजवाल्याने उभ्या गाडीला दोनदा रेस दिली, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पाईप काढून आत बोट फिरवलं, बोटाला ऑइल लागलं. म्हणाला, 'टर्बो गेला, रिंगा पण बसल्यात, हाफ इंजिन करून टाकू.' म्हणजे इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलायच्या. साठ हजारांच्या पुढे सांगितलं, टर्बो वेगळा. ऐन सीझनमध्ये आठ दिवस गाडी उभी केली तर माल कुणाच्या गाडीत घालू? खरंच इंजिन खोलावं का, की त्याआधी काही बघता येतं?

पान्हा_तेरा
धूर काळा की निळा ते आधी नक्की करा भाऊ. दोन्हींचं दुखणं वेगळं, डॉक्टर वेगळा.

मिसळ_विदाऊट_पाव
सोपं आहे. काळा धूर म्हणजे तर्री जास्त, पाव कमी. डिझेल भरपूर पडतंय, हवा पुरत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन स्वतःचंच तेल पितंय. पांढरा धूर म्हणजे एकतर कच्चं डिझेल, नाहीतर पाणी.

कोटमगाव_फाटा
एअर फिल्टर कधी बदलला? सिंहस्थाच्या तोंडावर नाशकात जिकडेतिकडे खोदकाम. द्वारका चौकातून दोन चकरा मारल्या तरी फिल्टरमधून मूठभर माती निघते. माझ्या गाडीला नुसता फिल्टर बदलला आणि धूर निम्म्यावर आला.

गिरणारे_टोमॅटो
फिल्टर महिन्यापूर्वीच नवीन टाकलाय. आज काढून झटकला, ठीक आहे.

आंबट_द्राक्षे
आम्ही निफाडवाले. डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तेव्हा सकाळी आमच्या सगळ्याच गाड्या पांढरा धूर सोडतात. पहिल्या वर्षी मी घाबरून गाडी थेट मिस्त्रीकडे नेली. तो हसला. म्हणाला, निम्मी तर वाफ आहे, तुमच्या तोंडातून निघते तशी. उरलेला धूर डोळ्याला झोंबत होता, कच्च्या डिझेलचा वास होता. दोन हीटर प्लग गेले होते. ते बदलले आणि गाडी हाफ सेल्फला घ्यायला लागली. धागाकर्त्यांचा प्रश्न हा नाही, कळतंय मला, पण कुणाच्या कामी येईल म्हणून लिहिलं.

टेम्पोवाली_सिन्नर
आंबट_द्राक्षे, पांढरा धूर दरवेळी इतका गरीब नसतो हो. माझ्या चार गाड्या आहेत, त्यातल्या एकीने मला चांगलंच रडवलं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर, वास गोडसर, आणि दर दोन दिवसांनी कुलंटची बाटली अर्धी. जमिनीवर थेंब नाही. ड्रायव्हर म्हणायचा, 'ताई, उन्हाने उडतं.' मी म्हटलं, बंद बाटलीतून कसं रे उडतं? शेवटी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली तर आत पातेल्यात उकळी फुटावी तसे बुडबुडे. हेड गॅसकेट. पण तोवर हेड वाकलं होतं, प्लेन करून घ्यावं लागलं. पहिल्या आठवड्यात लक्ष दिलं असतं तर गॅसकेटवर भागलं असतं.

आणि झाकण थंड इंजिनवरच काढायचं. आमच्याकडे एकाचा हात भाजलाय.

घाटावरचा_राजा
एवढं काय विचारता राव. टाकीत अर्धा लिटर रॉकेल टाका, डिझेल फवारणारे सगळे नोझल साफ. आमचे वडील हेच करायचे.

पान्हा_तेरा
वडिलांची गाडी कॉमन रेलची नव्हती! आताच्या पंपात डिझेल हेच वंगण असतं. रेल म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी नळी, तिच्यात हजार-दीड हजार बारचा दाब, त्यात रॉकेलचं पातळ पाणी घाला आणि पंपाचा चुरा पुढे नोझलमध्ये जाऊ द्या. मग हाफ इंजिन परवडलं म्हणाल.

घाटावरचा_राजा
बरं बाबा, तुमचा पान्हा मोठा.

जुना_फिटर
गिरणारे, घाई करू नका. मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. आमच्या वेळच्या इंजिनांना सेन्सर नव्हते, पण धूर तेव्हाही हाच होता.

तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: सपाटीवर किंवा रिकामी असताना काही नाही. रिंगा बसल्या असत्या तर गाडीने रिकामीलाही निळा धूर मारला असता आणि सकाळी स्टार्टिंगला रडवलं असतं. काळा धूर, तोही फक्त ओझ्यावर, आणि जोडीला ताकद कमी. याचा अर्थ मिसळवाल्यांनी सांगितलाच. आता हवा ज्या रस्त्याने जाते तो रस्ता चाला. फिल्टर झाला. पुढे टर्बो, टर्बोतून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, तिथून इंजिन. टर्बोच्या पुढे हवा दाबाखाली असते. तिथल्या रबरी पाईपला चीर असेल तर सपाटीवर ती मिटलेली राहते, घाटात टर्बोने जोर लावला की तोंड उघडते. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी असतो तिथे गंमत अशी की सेन्सरने हवा मोजलेली असते, कॉम्प्युटर त्या हिशेबाने डिझेल सोडतो आणि हवा मध्येच रस्त्यावर सांडते. मग काळा धूर येणारच.

तुमच्या मिस्त्रींनी उभ्या गाडीला रेस दिली. उभ्या गाडीला ओझं नसतं, टर्बो धड दाबच बनवत नाही. त्यात काय दिसणार?

पाईपात बोटाला ऑइल लागलं म्हणून टर्बो गेला म्हणणं म्हणजे अंग गरम लागलं म्हणून टायफॉइड ठरवणं. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या तोंडाशीच येते, ती ऑइलचा अंश घेऊनच येते. ओलसर थर बहुतेक गाड्यांत सापडतो. डबकं साचलं असेल तर मात्र विचार करायचा. टर्बो बघायचा तर इंजिन थंड असताना त्याच्या तोंडाचा पाईप काढा आणि शाफ्ट चिमटीत धरा. आडवा किंचित हलला तर चालतो. पुढे-मागे हलता कामा नये, पाती घराला घासलेली नकोत.

आज एवढं करा. गाडी सपाट जागी थंड असताना ऑइलची पट्टी काढून पातळी सांगा. मग चालू करून सायलेन्सरमागे वीतभर अंतरावर कोरा कागद धरा, मिनिटभर. तिसरं, इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा आणि काय होतं ते बघा. शिंतोडे उडतील, चेहरा लांब. आणि ड्रायव्हरला विचारा, चढाला बॉनेटखालून कसला आवाज येतो का.

मिसळ_विदाऊट_पाव
काका, टायफॉइड 😂 आमच्या गल्लीतला डॉक्टर तसाच होता.

आडगाव_नाका
टर्बो खरंच गेला तर काय होतं ते मी बघितलंय, म्हणून लिहितो. रात्री ट्रक टर्मिनलजवळ एका गाडीचं इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं. पांढरानिळा धूर इतका की हायवे दिसेना. ड्रायव्हरने चावी काढून हातात घेतली, इंजिन चालूच! टर्बोच्या सीलमधून ऑइल इंजिनात जात होतं आणि इंजिन त्या ऑइलवरच पळत होतं. चावी फक्त डिझेल तोडते, ऑइल कोण तोडणार? जवळच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने केबिनमध्ये चढून टॉप गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. गाडीने हिसका दिला आणि मेली. हवेच्या तोंडावर फळी दाबूनही बंद होतं म्हणतात, पण हात घालायची हिंमत कुणाची?

टेम्पोवाली_सिन्नर
बापरे. उद्या चारही ड्रायव्हरना हे वाचायला लावते.

कायदेशीर_कांदा
सगळे इंजिनात घुसलेत, पीयूसीचं काय? वैध पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड होतो.

गिरणारे_टोमॅटो
पीयूसी आहे की! दोन महिन्यांपूर्वीच काढलंय. पास.

कायदेशीर_कांदा
मग प्रश्न असा की घाटात एवढा धूर मारणारी गाडी पास कशी झाली? (तीन आठवड्यांपूर्वी धूर नव्हता, हे मान्य.)

पान्हा_तेरा
आजही झाली असती कदाचित. डिझेलच्या टेस्टला गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात, मशीन धुराची घनता मोजतं. बीएस-४ ला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. पण ओझं शून्य. काकांनी सांगितलं तेच, टर्बोच्या पुढची गळती तिथे पकडली जाईलच असं नाही. आणि काही ठिकाणी अ‍ॅक्सिलरेटर किती दाबतात ते आपण सगळे जाणतो.

घाटावरचा_राजा
ईजीआर, म्हणजे जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, बंद करून टाका. पत्र्याची चकती बसवली की काळा धूर खलास. माझ्या मेव्हण्याने केलंय, दोनशे रुपयांत.

जुना_फिटर
राजे, ईजीआर उघडा अडकला तर काळा धूर येतो, हे तुमचं बरोबर. जळालेला धूर परत इंजिनात जातो, ताज्या हवेची जागा खातो. पण अडकलेला ईजीआर बहुधा सपाटीवरही त्रास देतो, गाडीचा उठाव मंद करतो. काढून बघा, काजळीने भरला असेल तर साफ करा. चकती नको. बनवणाऱ्याने दिलेली प्रदूषणाची यंत्रणा बंद करणं बेकायदा तर आहेच, शिवाय चकती लावून धूर कमी झाला की खरं दुखणं झाकलं जातं.

घाटावरचा_राजा
मेव्हण्याची गाडी तर मस्त चाललीय.

मिसळ_विदाऊट_पाव
मेव्हण्याची प्रत्येक गोष्ट मस्तच चालते.

गिरणारे_टोमॅटो
काका, सगळं केलं. सांगतो.

ऑइलची पट्टी: वरच्या खुणेच्या दोन बोटं वर! ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे, 'मालक, दर महिन्याला लिटरभर घालतो, इंजिनाला बरं असतं.' पट्टी काढून कधी बघितलीच नाही गड्याने. मीही बघितली नाही, त्याला एकट्याला काय बोलू.

कागद: मुलीच्या वहीचं मागचं पान धरलं. बारीक कोरडी काजळी बसली, फुंकर मारली तर थोडी उडाली. पण खालच्या कोपऱ्यात सात-आठ तेलकट ठिपके, उजेडात धरले की आरपार दिसतात, भजीच्या कागदासारखे.

झाकण: जागच्या जागी थरथरलं. उडालं नाही, फकफक धूरही आला नाही.

आवाज: हे विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, हो, चढाला फसफस येते, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी. त्याला वाटायचं ताडपत्री सैल झालीय. दोनदा गाडी थांबवून दोर आवळला होता म्हणे.

जुना_फिटर
ताडपत्री! छान.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्यात, म्हणून सगळ्यांची गल्लत झाली. झाकण उडत नाही म्हणजे जळालेला वायू पिस्टनच्या खाली उतरत नाही, रिंगा अजून धरून आहेत. तेलकट ठिपके आणि पाईपातलं ऑइल बहुतेक जास्तीच्या भरण्याचं आहे. पातळी एवढी वर गेली की क्रँक ऑइल घुसळतो, वाफ वाढते, ब्रीदरमधून ऑइल हवेच्या रस्त्याला लागतं. आडगाव नाक्याने लिहिलं ना, तो प्रकार यानेही होऊ शकतो. तेव्हा आजच जास्तीचं ऑइल काढा. आधी पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला, ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर ते ड्रायव्हरने घातलेलं नाही, नोझल गळून खाली उतरलेलं डिझेल आहे. मग मला परत सांगा.

काळ्या धुरासाठी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाईप काढून हातात घ्या. जागेवर बघून कळत नाही, चीर नेहमी खालच्या अंगाला किंवा क्लिपच्या कडेला असते. उसासारखा वाकवून बघा. तरी सापडलं नाही तर एक तोंड बुजवून पंक्चरवाल्याकडून दहा-पंधरा पौंड हवा द्या, जास्त नको, आणि साबणाचं पाणी फिरवा.

कोटमगाव_फाटा
काका, तुम्ही गॅरेज टाका. पहिला गिऱ्हाईक मी.

जुना_फिटर
बायको घराबाहेर काढेल. आत्ताच अंगणात दोन स्कूटर उघडून ठेवल्यात.

सुरगाण्याचा_पाव्हणा
विषय निघालाय तर विचारतो. माझी नवी बीएस-६ आहे, धूर अजिबात नाही, पण मीटरवर सायलेन्सरचं चिन्ह लागतं आणि उभी असताना इंजिन जरा जास्त फिरतं. बिघाड का?

पान्हा_तेरा
नाही. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी आतल्या आत काजळी जाळते. गावातल्या गावात छोट्या चकरा मारल्या की ते काम अर्धवट राहतं. चिन्ह लागलं की हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत पळवा, मध्येच बंद करू नका. दर वेळी अर्धवट सोडत राहिलात तर त्यासाठी पडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून पट्टी तुम्हीही बघत जा. आणि बीएस-६ गाडी काळा धूर मारायला लागली तर समजायचं जाळी फुटली, नाहीतर कुणीतरी काढून विकली.

सुरगाण्याचा_पाव्हणा
धन्यवाद. मी तर रोज बोरगावपर्यंतच जातो. आता सापुताऱ्याला जायचं निमित्त मिळालं.

गिरणारे_टोमॅटो
दहा दिवस गायब होतो, माफी. मार्केटची घाई.

सापडली! टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा पाईप काढला. वरून बघितला तर नवाकोरा. उलटा केला तर क्लिपपासून दोन इंचांवर चीर, तर्जनीच्या एका पेराएवढी. मिटलेले ओठ असतात तशी, दिसतच नाही. दोन्ही हातांनी वाकवला की आ वासते. कडेला काळं चिकट ओघळलेलं, त्यावर पेठ रोडची लाल माती बसून पापुद्रा झालेला. मी तो पाईप गॅरेजवाल्यापुढे ठेवला. तो काही बोलला नाही, फिरवून फिरवून बघितला आणि पोराला दोन नव्या क्लिपा आणायला पाठवलं. मजुरी घेतली नाही, हे पण लिहायला हवं. नवा पाईप चौदाशेला पडला.

ऑइलला डिझेलचा वास नव्हता. सव्वा लिटर काढलं, पट्टी खुणेवर आली.

काल वापीहून पोती भरून आलो, मीच चालवली. कोटंबी तिसऱ्यात. आरशात बघत होतो, मागे फक्त धूळ. सकाळचा निळा धूर कमी झालाय, गेला नाही.

टेम्पोवाली_सिन्नर
अभिनंदन! साठ हजार वाचले, पेढे कुठे पाठवताय?

मिसळ_विदाऊट_पाव
पेढे कशाला, मिसळ. पावासकट.

जुना_फिटर
सकाळचा निळा धूर व्हॉल्व्हच्या सीलचा असावा. रात्रभर थेंब थेंब उतरतं, पहिल्या स्टार्टला जळतं. सीझन संपेपर्यंत चालेल. पट्टी दर हजार किलोमीटरला वहीत लिहा, ऑइल किती कमी होतं ते कळेल. ड्रायव्हरच्या हातातून कॅन काढून घ्या.

पण एक विचारायचं राहिलं. तो पाईप मुळात कशामुळे फाटला? रबर जुनं झालं म्हणावं तर बाकीचा पाईप नवाकोरा म्हणता. चीर आली तिथे समोर काय आहे?

गिरणारे_टोमॅटो
ते बघितलंच नाही. उद्या बघतो.

गिरणारे_टोमॅटो
बघितलं काका. समोर बॅटरीच्या स्टँडचा बोल्ट आहे, टोक घासून चकचकीत झालंय. इंजिन बंद असताना पाईप आणि बोल्टमध्ये बोटभर अंतर. ड्रायव्हरला रेस द्यायला सांगितली तर सगळं इंजिन डावीकडे कलंडतं आणि पाईप जाऊन बोल्टाला टेकतो. नव्या पाईपावरही ओरखडा आलाय.

पान्हा_तेरा
फाउंडेशन! इंजिन ज्या रबरावर बसवलेलं असतं ते.

जुना_फिटर
हो. डावं फाउंडेशन बसलंय. रबर सुटलं असेल. पाईप पुन्हा फाटायच्या आत ते बदला.

गिरणारे_टोमॅटो
गाडी आत्ता गॅरेजला सोडून आलो. रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेलं, हातात आलं. पार्ट संध्याकाळपर्यंत येतो म्हणालेत. आजचे साठ कॅरेट शेजाऱ्याच्या गाडीत घातलेत, तो भाडं घेणार नाही म्हणतोय, बघू. त्याचीही गाडी पांढरा धूर मारते, त्याला हा धागा पाठवलाय.